महाबळेश्वर कोरडं आणि पाऊस विट्याला: विखुरलेल्या स्टेशनांवरून कंटूर काढताना दरवर्षी येणाऱ्या अडचणी

"ताई, महाबळेश्वर कोरडं दाखवतंय आणि साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस विट्याला. डेटा तर मी दोनदा तपासलाय."

पाणलोटाच्या कामात नव्याने आलेल्या मुलाचा हा मेसेज. सोबत सातारा जिल्हा आणि आजूबाजूच्या पट्ट्याचा स्क्रीनशॉट. निळ्याच्या छटा सुंदर, कलरबार नेटका, आणि सगळ्यात गडद निळा डाग उजवीकडे खालच्या कोपऱ्यात. पावसाळा सरत आला की मंडळनिहाय पावसाचे आकडे जमतात, कोणीतरी त्यावरून समपर्जन्य रेषा, म्हणजे सारख्या पावसाच्या जागा जोडणारे कंटूर, काढायला बसतं आणि माझ्या फोनवर असे पाच-सहा स्क्रीनशॉट येऊन पडतात. मुलं दरवर्षी नवीन, चुका त्याच. म्हणून एकदा बसून लिहून काढते. उदाहरणं पायथनमधली आहेत, म्हणजे नमपाय, सायपाय आणि मॅटप्लॉटलिब या लायब्रऱ्यांची. पण सर्फर किंवा क्यूजीआयएससारखी नकाशाची सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांनाही यातली निम्मी दुखणी ओळखीची वाटतील.

कंटूर वेडावाकडा आला की बहुतेक जण कंटूरवरच हात चालवतात. लेव्हल वाढव, रंग बदल, स्मूथ कर, स्टेशनांच्या मधल्या जागांचा अंदाज (इंटरपोलेशन) लिनिअरऐवजी क्यूबिकने काढ. दोष तिथे क्वचित असतो. तो स्टेशनांच्या जागांमध्ये असतो, नाहीतर स्टेशनं एकमेकांना जोडणाऱ्या त्रिकोणांमध्ये. त्यामुळे माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे: रंग पुसून टाक, नुसते त्रिकोण काढ आणि ते पाठव. मॅटप्लॉटलिबमध्ये ट्रायप्लॉट नावाचं फंक्शन आहे, एका ओळीचं काम. विखुरलेल्या आकड्यांवरून चौकटींची जाळी (ग्रिड) भरणारं सायपायचं ग्रिडडेटा लिनिअर किंवा क्यूबिक चालवताना आतल्या आत हेच डेलोने त्रिकोण बनवत असतं, फक्त दाखवत नाही.

विट्याचा पाऊस

हे मात्र त्रिकोणांशिवाय सुटण्यासारखं होतं. ग्रिड आखायला नमपायचं मेशग्रिड नेहमीच्या पद्धतीने वापरलं तर मिळणाऱ्या अॅरेत ओळी म्हणजे अक्षांश आणि स्तंभ म्हणजे रेखांश. एमग्रिडला आधी एक्स आणि मग वाय दिला की बरोबर उलटं होतं, ओळी रेखांशाच्या होतात. कंटूर फंक्शन मात्र झेडच्या, म्हणजे पावसाच्या किमतींच्या तक्त्याच्या, स्तंभांनाच एक्स समजतं. एमग्रिडवर काढलेला झेड तसाच त्याच्या हातात दिला की नकाशा कर्णावर पलटतो आणि वायव्येचा कोपरा आग्नेयेला जातो. महाबळेश्वर त्या चौकटीच्या वायव्येला होतं, त्याचा पाऊस गेला विट्याला.

ग्रिड १५० बाय २०० असता तर मॅटप्लॉटलिबने तिथेच अडवलं असतं, की एक्सची लांबी झेडच्या स्तंभांशी जुळत नाही. पण या मुलाचा ग्रिड २०० बाय २०० होता. चौरस ग्रिड ही चूक पोटात घालतो. म्हणून मी ग्रिड कधीही चौरस घेत नाही. १९० बाय २१० असं काहीतरी मुद्दाम वाकडं घेते, म्हणजे चूक झाली की लगेच बोंब होते.

याचीच धाकटी बहीण मॅटप्लॉटलिबच्या इमशोमध्ये भेटते. तिथे पहिली ओळ वर काढली जाते, म्हणून उत्तर-दक्षिण उलटते. ओरिजिन लोअर लिहिलं की संपलं. आणि "झेड द्विमितीय हवा" अशी एरर आली असेल तर तुम्ही स्टेशनांच्या तीन याद्या थेट कंटूरला दिल्यात. त्याला ग्रिड लागतो. ग्रिड नको असेल तर ट्रायकंटूर वापरा, तो त्रिकोणांवरूनच रेषा काढतो. नुसतं चित्र हवं असेल तर मी ट्रायकंटूरच सुचवते. जुन्या उत्तरांतून कोड उचलणाऱ्यांसाठी एवढंच, की मॅटप्लॉटलिबच्या एमलॅबमधलं ग्रिडडेटा ३.१ आवृत्तीत काढून टाकलं आणि सायपायचं इंटर्प-टू-डी १.१४ मध्ये गेलं. ते चालत नाही म्हणून स्वतःचं इन्स्टॉलेशन उपटून परत करत बसू नका.

स्टेशन जागेवर आहे का

पलटी सरळ केल्यावर त्रिकोण आले आणि त्यात एक लांबलचक सुळका कोकणात घुसलेला दिसला. चिपळूणच्या पश्चिमेला एक स्टेशन, नाव महाबळेश्वर.

यादीत अक्षांश १७.५५ आणि रेखांश ७३.३९ लिहिला होता. महाबळेश्वरचे अक्षांश-रेखांश १७ अंश ५५ मिनिटं आणि ७३ अंश ३९ मिनिटं. कोणीतरी अंशानंतर टिंब देऊन मिनिटं लिहिली आणि पुढच्याने ते दशांश समजून वाचलं. खरे दशांश १७.९२ आणि ७३.६५. फरक उत्तर-दक्षिण ४१ किलोमीटर, पूर्व-पश्चिम २८; सरळ रेषेत जवळपास ५० किलोमीटर. यातली खरी ग्यानबाची मेख अशी की स्टेशन जिथे जाऊन पडलं त्या कोकणपट्टीतही धो-धो पाऊस. रंगीत नकाशात "पश्चिमेला पाऊस जास्त" एवढंच दिसतं आणि कोणाला शंका येत नाही. त्रिकोणांत मात्र ते पहिल्या नजरेत सापडलं.

ही चूक पकडायची एक साधी खूण आहे. अक्षांशाच्या स्तंभात टिंबानंतरचे पहिले दोन अंक बघा. ते मिनिटांचे असतील तर ५९ च्या वर कधीच जाणार नाहीत. वीस-पंचवीस स्टेशनं एका अंशाच्या पट्ट्यात पसरलेली आहेत आणि एकाच्याही टिंबापुढे साठच्या वरचा आकडा नाही, असं योगायोगाने होत नाही. जास्त छळणारा प्रकार म्हणजे अर्धी यादी बदललेली आणि अर्धी तशीच. तिथे ही खूण चालत नाही. एकेक स्टेशन नकाशावर ठेवून गावाच्या नावाशी ताडून बघण्याला पर्याय नाही. कंटाळवाणं काम आहे, चहा घेऊन बसा.

राज्यभराचा नकाशा करणाऱ्यांना याचा थोरला भाऊ भेटतो. मीटरमधले यूटीएम निर्देशांक (सहा-सहा अंशांच्या उभ्या पट्ट्यांत, म्हणजे झोनमध्ये, मोजलेले) वापरताना ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला झोन ४३ आणि पूर्वेला झोन ४४. महाराष्ट्र या रेषेच्या दोन्ही अंगांना आहे. नागपूर ७९ च्या पुढे, म्हणजे झोन ४४ मध्ये. तिथे त्याचं ईस्टिंग, म्हणजे पूर्व-पश्चिम आकडा, साधारण तीन लाख दोन हजार मीटर येतं. तोच आकडा झोन ४३ समजून वाचला तर रेखांश ७३.१ निघतो आणि नागपूर गुजरातेत बार्डोलीजवळ जाऊन पडतं. विदर्भाची आणि पश्चिम महाराष्ट्राची यादी एकाखाली एक चिकटवण्याआधी सगळं एकाच झोनमध्ये आणा, किंवा अंशांतच ठेवा.

अंशांत ठेवलं तर पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अंतरं सारखी राहत नाहीत, अशी भीती काही जण घालतात. आपल्याकडे ती फार मनावर घेऊ नये. १८ अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटर भरतो आणि अक्षांशाचा सुमारे १११. पाच टक्क्यांचा फरक, त्रिकोण जवळपास तेच राहतात. खरी भीती बोअरवेलच्या किंवा समुद्राच्या उभ्या छेदात असते. आडव्या अक्षावर किलोमीटर, उभ्यावर मीटर, आणि दोन्ही आकडे तसेच त्रिकोणात ढकलले की शेजारच्या विहिरीपेक्षा त्याच विहिरीतला तीन मीटर खालचा नमुना "दूर" ठरतो. ग्रिडडेटामध्ये रीस्केल नावाचा पर्याय त्यासाठीच आहे, तो चालू करा. नाहीतर मग दोन अक्षांचं प्रमाण विचार करून हाताने ठरवा; मला ते जास्त पटतं, कारण मग ते प्रमाण आपल्या लक्षात राहतं.

"इनिशिअल सिंप्लेक्स इज फ्लॅट" अशी लांबलचक एरर क्यूहलने (आतून त्रिकोण बनवणारा प्रोग्रॅम) ओकली तर घाबरू नका. सगळे बिंदू एकाच रेषेवर आहेत एवढाच तिचा अर्थ. माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा एक्स आणि वाय दोन्हींना एकच स्तंभ दिलेला असतो.

निरंक, अप्राप्त आणि ९९९.९

तहसिलाच्या तक्त्यांत पाऊस नसेल तर "निरंक" लिहितात आणि आकडा आलाच नसेल तर रेघ मारतात, किंवा "अप्राप्त" लिहितात. पायथनच्या पांडासला स्तंभ आकड्यांचा करून दे, जे जमणार नाही ते सोडून दे म्हटलं की दोन्हींचं तो रिकामं करून टाकतो. म्हणजे पडलेला शून्य पाऊस आणि न कळलेला पाऊस एकाच पंगतीत बसतात. माणमध्ये जुलैच्या एखाद्या दिवशी सगळी मंडळं निरंक असतील, तर तो सगळा पट्टा डेटातून उडतो आणि शेजारून फलटण-खटावचा पाऊस त्यावर पसरतो. आधी निरंकला शून्य करा, मगच रूपांतर करा.

याच्या उलट, रिकामी किंमत न काढता तशीच ग्रिडडेटाकडे गेली तर लिनिअरमध्ये त्या स्टेशनाला लागून असलेले सगळे त्रिकोण रिकामे पडतात. नकाशाच्या मधोमध चांदणीसारखं पांढरं भोक दिसलं तर तिथे एक रिकामी किंमत बसलेली आहे असं समजा. असं स्टेशन यादीतूनच काढायचं, म्हणजे शेजारची स्टेशनं मिळून ती जागा भरतात.

"माहिती नाही" याचा कोड म्हणून उणे ९९९ असेल तर तो नकाशात विहिरीसारखा खड्डा पाडतो, लगेच दिसतो. सगळ्यात वाईट ९९९.९. महाबळेश्वरला तो कमी वाटेल, म्हसवडला जास्त. पण जावळी-साताऱ्याच्या मधल्या पट्ट्यात हंगामाचा पाऊस म्हणून तो सहज खपून जातो.

पांढरे कोपरे

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. "कंटूर जिल्ह्याच्या सीमेपर्यंत जात नाही, कोपरे पांढरे राहतात."

पाटावर स्टेशनांच्या जागी खिळे ठोका आणि बाहेरून रबर बँड ताणून सोडा. तो जिथे बसेल तिथपर्यंतच लिनिअर आणि क्यूबिक इंटरपोलेशन उत्तर देतं. त्याच्या बाहेर तीन बाजूंनी धरणारा त्रिकोणच नाही, म्हणून रिकामं. हा दोष नाही, प्रामाणिकपणा आहे. पण अहवालाला पांढरे कोपरे चालत नाहीत, म्हणून लोक काय करतात, तर बाहेरची जागा निअरेस्टने, म्हणजे सगळ्यात जवळच्या स्टेशनाच्या आकड्याने, भरतात. निअरेस्ट कुठेही उत्तर देतं, त्याला रबर बँडचं बंधन नाही. मग रबराच्या रेषेवर एक कडा तयार होते, अलीकडे उतार आणि पलीकडे सपाट पठार. साताऱ्याच्या पश्चिमेला तर हे हास्यास्पद होतं. घाटमाथ्याचे साडेपाच हजार मिलिमीटर जसेच्या तसे खाली पोलादपूर-खेडच्या दऱ्यांत ओतले जातात.

माझा उपाय जुनाच आहे: शेजाऱ्यांकडे जा. जिल्ह्याचा नकाशा काढायचा तर स्टेशनं जिल्ह्याची घेऊन भागत नाही. पोलादपूर, खेड, चिपळूण, भोर, पुरंदर, माळशिरस, आटपाडी, शिराळा, असं चहूबाजूंनी एक कडं घ्या, त्यावर ग्रिड करा आणि शेवटी जिल्ह्याच्या सीमेने कापा. हे कडं कुठे मिळालंच नाही तर तो कोपरा पांढरा राहू द्या. तिथे तिरप्या रेघा मारून "स्टेशन नाही" असं लिहिलेला नकाशा मी बेधडक पुढे पाठवते.

कडं मिळालं तरी कडेच्या स्टेशनांमध्ये सुयांसारखे लांब त्रिकोण तयार होतात. शंभर किलोमीटर अंतरावरची दोन स्टेशनं एकमेकांचा हात धरतात आणि मधल्या प्रदेशाला त्यांची किंमत मिळते. मॅटप्लॉटलिबच्या ट्रायअॅनालायझरमध्ये असे चपटे कडेचे त्रिकोण झाकणारं फंक्शन आहे; मर्यादा आपसूक ०.०१ असते. मला ती कमी पडते. मी प्रत्येक त्रिकोणाची सगळ्यात लांब बाजू मोजते आणि ती मधल्या लांबीच्या तिपटीहून जास्त असेल तर तो त्रिकोण झाकते. तिप्पटच का, याला शास्त्र नाही, माझ्या भागातल्या स्टेशनांना ते जमतं. एक लक्षात ठेवा, सायपायच्या ग्रिडडेटाला हे झाकलेले त्रिकोण सांगायची सोय नाही. ते हवं असेल तर मॅटप्लॉटलिबचा लिनिअर ट्राय इंटरपोलेटर वापरावा लागतो.

महाबळेश्वर ते वाई: इथे थांबून बघा

आता सगळी स्टेशनं जागेवर, त्रिकोण स्वच्छ, कोपरे भरलेले. तरी नकाशा चुकतो, आणि तो का चुकतो हे दाखवायला वाईच्या रस्त्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही.

महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई जवळपास एका ओळीत आहेत. महाबळेश्वरपासून पाचगणी पूर्वेला सरळ १५ किलोमीटर, वाई साधारण २५. वर्षाचा पाऊस ढोबळमानाने महाबळेश्वरला ५८०० मिलिमीटर धरू, वाईला ८००. पाचगणीचं स्टेशन नाहीच, असं समजा. लिनिअर इंटरपोलेशन तिथे काय देईल? पाचगणी वाटेत ६१ टक्क्यांवर आहे. ५००० चे ६१ टक्के ३०५०. ते ५८०० मधून वजा केले की २७५० उरतात.

पाचगणीला प्रत्यक्षात दोन हजारांच्या आतच पडतो.

ग्रिड कितीही बारीक करा, हा हजार-एक मिलिमीटरचा फुगवटा जाणार नाही, कारण तो ग्रिडमध्ये नाही. घाटमाथा ओलांडल्यावर पाऊस सरळ उतरत नाही, आधी कड्यावरून पडल्यासारखा पडतो आणि मग हळूहळू कमी होतो. आता हाच हिशोब लॉग घेऊन करा. ५८०० चा नैसर्गिक लॉग ८.६७, ८०० चा ६.६८. फरक १.९८, त्याचे ६१ टक्के १.२१. ८.६७ मधून ते वजा केले की ७.४६, आणि परत मिलिमीटरमध्ये आणलं की सुमारे १७३०. एक स्टेशन गाळून, शाळेतल्या गणिताने, पाचगणीच्या इतक्या जवळ.

उंची घालून बघू, डोंगरावर पाऊस जास्त, असं पुढचं डोकं चालतं. इथे ते फसतं. महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्ही तेराशे मीटरच्या आसपास. उंची तीच आणि पाऊस तिसरा हिस्सा. घाटमाथ्याच्या कडेपासून पूर्वेला किती किलोमीटर, ही माहिती उंचीपेक्षा जास्त कामाची आहे. क्रिगिंग (इंटरपोलेशनची संख्याशास्त्रीय पद्धत) करणाऱ्यांनी बाहेरचा घटक म्हणून उंची देण्याआधी हे तीन आकडे एकदा शेजारी शेजारी मांडून बघावेत.

लॉगची पथ्यं आहेत. हंगामाच्या बेरजेला तो चांगला चालतो. रोजच्या पावसात शून्यं असतात आणि शून्याचा लॉग निघत नाही. मग एक मिळवून लॉग घेतात, पण तिथे शून्य आणि एक मिलिमीटर यांच्यातला फरक उगाच मोठा होतो. रोजच्या पावसासाठी मी वर्गमूळ घेते, किंवा काहीच न घेता लिनिअरवर राहते. कोकणाच्या बाजूने वर चढतानाही हा लॉग उपयोगाचा नाही. तिथे पाऊस पायथ्यापासून माथ्यापर्यंत वाढत जातो आणि वाटेत स्टेशनंच थोडी.

म्हसवडला उणे पाऊस

"ताई, क्यूबिक लावल्यावर म्हसवडला मायनस चाळीस आलं."

येणारच. ग्रिडडेटाचं क्यूबिक म्हणजे क्लो-टोशर पद्धत. त्रिकोणांच्या कडांवर उतार तुटू नये म्हणून प्रत्येक स्टेशनाजवळ पृष्ठाचा कल आधी अंदाजला जातो. एका बाजूला घाटाचा कडा आणि लगेच पर्जन्यछायेची सपाटी असली की तो कल सपाटीवरही खाली झुकत राहतो आणि शून्याच्या पलीकडे जातो. वेगाने उतरलेली गाडी पायथ्याला लगेच थांबत नाही, तसंच. थिन प्लेट स्प्लाइनचीही, म्हणजे पातळ पत्रा वाकवून सगळ्या स्टेशनांवर टेकवावा तशा पृष्ठाचीही, हीच खोड.

यावर लोक क्लिप करतात, उणे तिथे शून्य. चित्र सुधारतं, पण जिथे उणे गेलं तिथेच दुसऱ्या बाजूला फुगवटाही आलेला असतो आणि तो कोणी कापत नाही. लॉगमध्ये काम केलंत तर उणे येणं शक्यच नाही, हा वरच्या पद्धतीचा दुसरा फायदा. फुगवट्यावर मात्र तरीही डोळा ठेवा, तो लॉगमध्येही येऊ शकतो. जीएमटी हे नकाशाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना त्यातलं सरफेस नावाचं साधन माहीत असेल. वॉल्टर स्मिथ आणि पॉल वेसल यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पद्धतीवर ते चालतं: पत्र्याला वाकवण्यासोबत थोडा ताण द्यायचा, म्हणजे तो असा झोके घेत नाही. ताण शून्य ठेवला की नुसतं किमान वक्रतेचं पृष्ठ, एक ठेवला की अगदी ताणलेलं. कड्यांच्या भूभागाला ०.३५ च्या आसपास सुचवतात आणि घाटाच्या पावसालाही मी तिथूनच सुरुवात करते.

स्प्लाइनचा आणखी एक त्रास म्हणजे "सिंग्युलर मॅट्रिक्स". सायपायमध्ये स्प्लाइन काढणाऱ्या आरबीएफ इंटरपोलेटरला एकाच जागेवर दोन स्टेशनं मिळाली की तो हात वर करतो. जुना मापक आणि शेजारी बसवलेलं स्वयंचलित केंद्र, दोघांना एकच अक्षांश-रेखांश. लिनिअर यापेक्षा घातक, कारण ते तक्रार करत नाही. दोघांतलं एक गुपचूप घेतं, दुसरं सोडून देतं आणि कोणतं घेतलं ते सांगत नाही. आधीच जागेनुसार गट करून मध्यक घ्या. दोन्हींत मोठा फरक असेल तर मध्यक घेऊन पुढे जाऊ नका, फोन करून विचारा. बहुतेक वेळा एकाच्या फनेलमध्ये पाला अडकलेला असतो.

क्यूजीआयएसवाल्यांची तक्रार वेगळी असते: प्रत्येक स्टेशनाभोवती बैलाचे डोळे. ती आयडीडब्ल्यूची देणगी. डोनाल्ड शेपर्डने १९६८ मध्ये मांडलेली ही पद्धत भोवतालच्या स्टेशनांची अंतरानुसार सरासरी काढते, आणि सरासरी कधीच सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर जात नाही. म्हणजे सगळ्यात उंच शिखर आणि सगळ्यात खोल खड्डा दोन्ही स्टेशनावरच पडणार, दोन स्टेशनांच्या मध्ये कधीच नाही. अंतराचा घात वाढवला की डोळे आणखी बटबटीत होतात. डोळे नकोत तर पद्धत बदला, घाताशी खेळू नका.

एक स्टेशन लपवून बघा

पद्धत कोणती घ्यावी यावर वाद घालत बसण्यापेक्षा मी मुलांना हे करायला लावते. एकेक स्टेशन यादीतून काढायचं, उरलेल्यांवरून त्या जागेचा पाऊस काढायचा, खऱ्या आकड्यातून वजा करायचा. कडेची स्टेशनं काढली की रबर बँड आत सरकतो आणि उत्तर रिकामं येतं, ती सोडून द्या. आलेले फरक सरासरी काढून एका आकड्यात कोंबू नका, नकाशावर ठिपके म्हणून मांडा: जास्त आलं तिथे तांबडा, कमी आलं तिथे निळा. तांबडे सगळे एका ओळीत दिसले तर दोष पद्धतीचा आहे. एकच भलामोठा ठिपका एकटा उभा असेल तर त्या स्टेशनाची जागा किंवा आकडा तपासा.

आपल्या विट्यावाल्या मुलाने हे केलं. लिनिअरमध्ये तांबडे ठिपके घाटमाथ्याच्या पूर्वेला उत्तर-दक्षिण एका रांगेत आले, सगळ्यात मोठा पाचगणीला. लॉग घेतल्यावर रांग मोडली. एक ठिपका कोरेगावच्या बाजूला तसाच राहिला, तिथे मग ९९९.९ सापडला.

काल त्याचा नवा स्क्रीनशॉट आला. पाऊस महाबळेश्वरला, कोपरे शेजारच्या तालुक्यांनी भरलेले, माण फिकट. फक्त महाबळेश्वर आणि वाईच्या मध्ये दर दोनशे मिलिमीटरला एक अशा पंचवीस रेषा कोंबलेल्या आणि लेबलं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. त्याला लेव्हल हाताने द्यायला सांगितल्यात: ५००, ७००, १०००, १५००, २०००, ३०००, ४५००. लेबल एकाआड एक.